फेअर वही घरीच ठेव

या वेळचं पत्र लातूरहून आलंय. थोडं आटपशीर करून देते:

‘ताई, माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर सायन्स. ऑगस्टमध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत कंप्युटर सायन्सला जातेय. पहिल्या सेमिस्टरला “इंग्लिश १०७” दिलंय. बारावीला मला इंग्रजीत ९१ होते, आयईएलटीएसला साडेसात. मग परत इंग्रजी कशाला? शिवाय माझ्यासोबत निघालेल्या नागपूरच्या मुलाला १०१ आणि मला १०७, म्हणजे मला कच्च्या मुलांच्या वर्गात टाकलंय का? तिथे नक्की शिकवतात काय, पुस्तक कोणतं, पेपर पॅटर्न कसा? आतापासून काय पाठ करून ठेवू? आणि बाबा विचारतायत, टीचरांचा नंबर मिळेल का? अधूनमधून चौकशी करतील म्हणे.’

प्रिय लातूरकर,

पेपर पॅटर्न नाही. बहुतेक ठिकाणी पेपरच नसतो. तीन तासांची लेखी परीक्षा नाही, अपेक्षित प्रश्नसंच नाही. हे ऐकून बाबांना हायसं वाटेल, पण तू लगेच खूश होऊ नकोस.

मी मूळची सोलापूरची. एमए करायला अमेरिकेत गेले तेव्हा फी माफ व्हावी म्हणून हाच कोर्स शिकवायला लागले आणि पुढे बरीच वर्षं तेच करत राहिले. पहिल्या वर्षीचं हे लेखन तिथे जवळजवळ प्रत्येक कॉलेजात असतं. डॉक्टर व्हायचं असो की इंजिनिअर, सुटका नाही. अगदी तिथेच जन्मलेल्या, घरात इंग्रजीच बोलणाऱ्या पोरांचीही नाही. तेव्हा ‘परत इंग्रजी कशाला’ हा प्रश्न तुझ्या शेजारी बसलेल्या टेक्ससच्या मुलालाही पडलेला असतो, आणि तो तुझ्यापेक्षा जास्त चिडलेला असतो.

या कोर्सचा उगमच मुळी परक्यांसाठी झालेला नाही. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध घालून पाहिला, तर चांगल्या घरांतली, महागड्या शाळांतली मुलं त्यात धडाधड आपटली. मग १८८५ मध्ये ‘इंग्लिश ए’ नावाचा कोर्स सुरू झाला. तिथून हे लोण देशभर पसरलं. त्यामुळे हा कोर्स मिळणं हा तुझ्या इंग्रजीचा अपमान नाही. इंग्रजी येणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना आपल्याच पोरांकडे बघून कळलं.

आता १०१ आणि १०७. कच्चा वर्ग वगैरे काही नाही. १०७ हे त्याच कोर्सचं, पण इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही अशांसाठी केलेलं रूप. क्रेडिट तितकेच, तीन. नागपूरकर पुढच्या सेमिस्टरला १०२ घेईल, तू १०८ घेशील. मला विचारशील तर तुझं बरं झालंय. तुझ्या वर्गात व्हिएतनामची, सौदीची, चीनची मुलं असतील. तिथे शिक्षक बेसबॉलचा दाखला देऊन पुढे सरकत नाहीत, आणि कोणाला एखादा शब्द अडला तर सगळा वर्ग वळून बघत नाही. नागपूरकराच्या वर्गात या दोन्ही गोष्टी होतील.

वर्ग लहान असतो, वीस-पंचवीसच्या आसपास. लेखन शिकवणाऱ्या तिथल्या प्राध्यापकांच्या मोठ्या संघटनेचं म्हणणं तर वीसच्या वर एकही मूल नको, पंधरा असतील तर उत्तम. म्हणजे मागच्या बाकावर बसून दिवस काढायची सोय नाही. सेमिस्टर साधारण पंधरा आठवड्यांचं. पहिल्या दिवशी सिलॅबस मिळेल. त्याला आपल्याकडच्यासारखी धड्यांची यादी समजू नकोस, तो जवळपास करारनामा असतो. कोणतं लेखन कधी द्यायचं, उशीर झाला तर किती गुण कापणार, किती दांड्या माफ, एआय वापरायचं की नाही, सगळं त्यात असतं. सप्टेंबरात मुलं येऊन विचारायची, ‘हे तुम्ही सांगितलंच नव्हतं.’ मी पान नंबर सांगायचे. ग्रेड ‘सी’च्या खाली गेली तर कोर्स पुन्हा करावा लागतो, हेही त्यातच सापडेल.

पंधरा आठवड्यांत मोठी लेखनं तीन-चारच. कुठे पहिलं स्वतःच्या लिहिण्या-वाचण्याच्या अनुभवावर असतं, मग दुसऱ्या कोणाच्या लेखाची चिरफाड, मग संदर्भ शोधून केलेला मोठा निबंध. शेवटी आपण काय आणि कसं बदललं यावर दोन-तीन पानं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? घोळ असा की प्रत्येक लेखन दोनदा-तीनदा लिहायचं असतं, आणि खरं शिक्षण त्यातच आहे.

आपण सगळे रफ वही आणि फेअर वही यांच्यावर वाढलोय. रफमध्ये लिहायचं, बाई तपासणार, लाल शाईतल्या चुका दुरुस्त करायच्या आणि तोच मजकूर चांगल्या अक्षरात फेअरमध्ये उतरवायचा. मजकूर तोच, फक्त त्याचं अक्षर बदलतं. तू तिथे पहिला ड्राफ्ट देशील, शिक्षिकेच्या टिपा येतील, आणि तू तुझ्या सवयीने त्या ‘फेअर’ करून परत देशील. स्पेलिंग नीट, स्वल्पविराम जागेवर. मग बी-मायनस मिळेल आणि तू मला चिडून पत्र लिहिशील की सगळ्या चुका सुधारल्या तरी गुण का नाहीत. तिथे रिव्हिजन म्हणजे अभ्यासाची उजळणी नाही आणि फेअर करणंही नाही. रिव्हिजन म्हणजे पहिल्यांदा लिहिताना आपल्याला जे वाटलं होतं, ते अजूनही वाटतंय का, हे बघून गरज पडल्यास अर्धा निबंध फेकून देणं.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून तुझ्याच गावचं उदाहरण घेऊ. समज, संशोधन-निबंधाला तू पाण्याचा विषय घेतलास. पहिला ड्राफ्ट कसा येणार ते मी इथे बसून सांगते: ‘पाणी म्हणजे जीवन. अनादी काळापासून मानवाला पाण्याची गरज भासत आली आहे. परंतु आज माणूस निसर्गाचा ऱ्हास करत आहे.’ शेवटी एक सुविचार. ‘विज्ञान : शाप की वरदान’ लिहून लिहून आपल्या हाताला ही चाल बसलेली असते. बोर्डाने त्यावर गुणही दिलेत, त्यामुळे तुझा दोष नाही. यावर शिक्षिका समासात एवढंच लिहील: ‘कोणाचं पाणी? कुठे?’

मग तू दुसरा ड्राफ्ट करशील. २०१६ चा दुष्काळ घेशील. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ नावाच्या रेल्वेगाडीने पाणी आणलं होतं, तू तेव्हा आठ-नऊ वर्षांची असशील. राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यातून टँकरचे डबे धुऊन आणले, १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा डबे, सुमारे ५ लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांच्याही गाड्या आल्या. हे सगळं तू नीट लिहिशील. आणि समासात येईल: ‘हे बातम्यांत आहेच. तू काय म्हणतेस?’

इथे बहुतेक मुलं रडकुंडीला येतात. ‘मी काय म्हणणार? मी कोण?’ आपल्याला बारा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. कवीला काय म्हणायचंय एवढंच विचारलेलं असतं.

तिसऱ्या खेपेला तू कॅल्क्युलेटर काढशील. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या घरात होती. ५ लाख लिटर भागिले तेवढी माणसं, म्हणजे माणशी सव्वा लिटर. पन्नास डब्यांची, २५ लाख लिटरची गाडी धरली तरी साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. आता तुझ्या डोक्यात काहीतरी हललं पाहिजे. ज्या गाडीचे फोटो देशभर छापले गेले ती आणत होती ते माणशी इतकंच, मग उरलेलं पाणी त्या उन्हाळ्यात कुठून आलं? आणि शहराला गाडी आली तेव्हा आजूबाजूच्या गावांना काय आलं? आता तू एक वाक्य लिहू शकतेस: ‘जलदूत गाडीने लातूरची तहान भागवण्यापेक्षा लातूरची तहान देशाला दाखवली.’ हे झालं थीसिस. थीसिस म्हटलं की आपल्याला पीएचडीचा जाडजूड ग्रंथ आठवतो; तिथे थीसिस म्हणजे असं एक वाक्य, ज्यावर एखादा शहाणा माणूस ‘नाही बुवा, मला नाही पटत’ म्हणू शकेल. ‘पाणी म्हणजे जीवन’ला कोण नाही म्हणणार? म्हणून ते थीसिस नाही.

आणि तो नाही म्हणणारा शहाणा माणूस तुझ्या निबंधात आलाच पाहिजे. कोणी म्हणेल, पिण्यापुरतं तरी मिळालं ना, त्या सव्वा लिटरची किंमत पुण्यात बसून करू नका. त्याचं म्हणणं तू त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं. आपल्या शास्त्रार्थाच्या जुन्या पद्धतीत याला पूर्वपक्ष म्हणायचे. वादविवाद स्पर्धेत आपण करतो ती समोरच्याची टर इथे चालत नाही. उत्तर देता देता कधीकधी लक्षात येतं की त्याचंच बरोबर आहे. मग थीसिस बदलायचा. बदलल्याबद्दल गुण कापत नाहीत, उलट वाढतात.

पाहिलंस ना, या सगळ्यात इंग्रजी कुठे आडवं आलं? गणित आलं आणि धीटपणा आला.

संदर्भ मराठी असले तर चालतात का, हा पुढचा प्रश्न तू विचारणारच. चालतात. मराठी वर्तमानपत्रातल्या बातमीचं नाव रोमन लिपीत लिहायचं, शेजारी चौकोनी कंसात त्याचं इंग्रजी भाषांतर द्यायचं. एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या तिथल्या शैलीत याची रीतसर सोय आहे. माझ्या वर्गातली आपल्याकडची मुलं हे वापरायला लाजायची आणि त्यापेक्षा लातूरवर दिल्लीतल्या कोणीतरी लिहिलेला तिसऱ्या हाताचा इंग्रजी लेख उचलायची. तुझ्याकडे जे साहित्य आहे ते ॲरिझोनातल्या एकाही मुलाकडे नाही, याचा फायदा घे.

आता एक लाजिरवाणी गोष्ट माझी. एमएच्या पहिल्याच सेमिस्टरला मी नोट्स काढताना पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती, अवतरणचिन्हं न घालता. निबंध लिहिताना कोणतं वाक्य माझं आणि कोणतं पुस्तकाचं हे मलाच कळेना, आणि दोन वाक्यं तशीच गेली. प्राध्यापकांनी ऑफिसात बोलावून पुस्तक आणि माझा निबंध शेजारी शेजारी ठेवले. मला दरदरून घाम फुटला. बारावीपर्यंत हेच करण्याबद्दल माझी पाठ थोपटली होती. डायजेस्टमधली भाषा जितकी हुबेहूब, तितके गुण जास्त. तिथे त्याला चोरी म्हणतात. त्यांनी समजुतीने घेतलं, प्रत्येक जण घेतोच असं नाही. तेव्हापासून दुसऱ्याचं वाक्य वहीत आलं की आधी अवतरणचिन्ह घालते, मग वाक्य लिहिते. कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर तुझ्या निबंधाला काहीतरी टक्के दाखवेल. नुसत्या टक्क्यांना घाबरू नकोस, नीट संदर्भ दिलेली अवतरणंही त्यात मोजली जातात.

एआयचं काय? हा विषय शिक्षकागणिक बदलतो. एक जण म्हणेल कल्पना सुचण्यापुरतं वापर आणि तसं लिहून दे, शेजारच्या वर्गातली बाई म्हणेल हातही लावू नकोस. सिलॅबस वाच, कळलं नाही तर पहिल्याच आठवड्यात विचार. पण तुला एक वेगळीच भीती असायला हवी. एआय ओळखणारी जी साधनं निघाली आहेत, ती परभाषक मुलांच्या साध्या, सरळ इंग्रजीवर चुकीचा आळ घेतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल या परभाषकांच्या इंग्रजी परीक्षेतले, माणसांनीच लिहिलेले ९१ निबंध सात साधनांना खाऊ घातले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. म्हणून पहिल्या शब्दापासून सगळं गूगल डॉक्समध्ये लिही. कधी काय लिहिलं, काय खोडलं याचा सगळा इतिहास तिथे राहतो. उद्या कोणी शंका घेतली तर तो उघडून दाखवायचा. कच्च्या नोट्सही फेकू नकोस. पाहिलंस, रफ वहीला तिथे किती किंमत आहे ते!

ड्राफ्ट झाला की वर्गातली मुलं एकमेकांचं वाचतात. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. आपली मुलं इथे फार सज्जन होतात. ‘खूप छान लिहिलंय, एक स्पेलिंग चुकलंय.’ हे मदत करणं नाही, तोंड चुकवणं आहे. समोरच्याला सांग की दुसऱ्या पानावर माझा धागा सुटला, इथे मला कंटाळा आला, हे वाक्य तू कशावरून म्हणतोस. तुझ्याबद्दल कोणी असं म्हटलं तर रात्रभर जागू नकोस. शिवाय शिक्षिका प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं एकट्याला भेटते. तिथे हात बांधून ‘येस मॅम’ करत बसलीस तर पाचव्या मिनिटाला उठशील. एक तरी खरा प्रश्न घेऊन जा.

कॅम्पसवर रायटिंग सेंटर असतं, फुकट. तिथले ट्यूटर तुझं व्याकरण दुरुस्त करून देणार नाहीत, त्याबद्दल निराश होऊ नकोस. ते तुला तुझा निबंध मोठ्याने वाचायला लावतील. सुरुवातीला मलाही हसू आलं होतं. पण स्वतःचं लांबलचक वाक्य वाचताना मध्येच श्वास संपला, की ते कुठे मोडायचं हे आपोआप कळतं.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. तुझी शिक्षिका पंचविशीतली, जीन्समधली, स्वतः अजून शिकणारी असू शकते, आणि पहिल्याच दिवशी म्हणेल मला नावाने हाक मारा. जीभ वळणार नाही, माझीही वळली नव्हती. ‘प्रोफेसर’ लावून आडनाव म्हण, चालतं. ईमेलमध्ये ‘रिस्पेक्टेड मॅडम’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ नको. ‘हाय प्रोफेसर अमुक’, मी कोणत्या वर्गातली, काय हवंय, थँक्यू, बस. आपलं काही इंग्रजी तिथे भलतीकडे जातं. माझ्या एका विद्यार्थ्याने वर्गात अभिमानाने सांगितलं की बारावीला आम्ही सगळे मित्र रात्र रात्र जागून ‘मगिंग’ करायचो. आपल्यासाठी घोकंपट्टी, तिथे मगिंग म्हणजे रस्त्यात अडवून लुटणं. वर्ग दोन सेकंद गार पडला.

पाठ काय करू, हे विचारलंस. काहीही नको. जायच्या आधी दोन महिने रोज एक बरा इंग्रजी लेख वाच आणि खाली तीनच वाक्यं लिही: हा माणूस काय म्हणतोय, कशाच्या जोरावर म्हणतोय, आणि मला कुठे खटकलं. तिसरं वाक्य सुचलं नाही तर तो लेख दुसऱ्या दिवशी पुन्हा. मराठी लेख घेतलास तरी चालेल. खटकायला भाषा लागत नाही. टायपिंग सुधार, कारण तिथे हाताने फारसं लिहावं लागत नाही. तुझं सुंदर अक्षर, असेल तर, राखीच्या पाकिटावर वापर.

राहिले बाबा. त्यांना सांग, टीचरांचा नंबर मिळणार नाही, आणि मिळाला तरी त्या काही बोलणार नाहीत. १९७४ पासून तिथे कायदाच आहे, की कॉलेजातल्या मुलाचे गुण त्याच्या लेखी संमतीशिवाय सहसा आईवडिलांनाही सांगत नाहीत. पण त्यांना काम आहे. ज्याला घटना आठवते त्याची मुलाखत हाही तिथे रीतसर संदर्भ धरतात, नाव आणि तारीख घालून. नोव्हेंबरात तू फोन करशील आणि विचारशील की २०१६ मध्ये आपल्या गल्लीत टँकर किती दिवसांनी यायचा, त्याला किती पैसे मोजले, रात्री रांगेत कोण उभं राहायचं. तोवर त्यांना त्या वर्षीची डायरी शोधून ठेवायला सांग. आणि फोन त्यांच्या दुपारी कर. तुझ्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असेल, पण ड्राफ्ट द्यायचा असला की तू तशीही जागीच असशील.